केबलचा सेट टॉप बॉक्स

सेट टॉप बॉक्स म्हणजे केबलच्या वायरमधून किंवा छत्रीवरून येणारा डिजिटल सिग्नल उलगडून टीव्हीला दाखवता येईल असं चित्र आणि आवाज काढून देणारा डबा. जुने टीव्ही जाडजूड असायचे, त्यांच्या डोक्यावर हा डबा आरामात बसायचा, त्यावरून नाव पडलं. आता टीव्ही भिंतीला लागले आणि बॉक्स खालच्या फळीवर नाहीतर टीव्हीच्या मागे डबल टेपने चिकटलेला असतो, पण नाव तेच राहिलं, आणि घरात तर सगळे नुसतं "बॉक्स"च म्हणतात. ही नोंद मुख्यतः मुंबई आणि महाराष्ट्रातल्या केबलच्या बॉक्सबद्दल आहे, कारण देशात केबलचा धंदा वाढला त्यात मुंबईच्या चाळी आणि सोसायट्यांचा वाटा फार मोठा आहे.

बॉक्सची गोष्ट व्हीसीआरपासून सुरू करावी लागते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, रंगीत चित्र १९८२ च्या एशियाडच्या वेळी आलं, आणि साधारण त्याच काळात व्हीसीआर घरात यायला लागले. कोकणातली आखातात नोकरीला गेलेली माणसं सुट्टीवर येताना टू-इन-वन आणि व्हीसीआर घेऊन यायची, मुंबईत मनीष मार्केटला इंपोर्टेड माल मिळायचा, आणि ज्यांना घेणं परवडत नव्हतं ते टीव्हीसकट व्हीसीआर रात्रीपुरता भाड्याने आणायचे, वर्गणी काढून, आणि सकाळी परत द्यायचा म्हणून एका रात्रीत तीन-तीन पिक्चर बघायचे. गणपतीत मंडळापुढे रस्त्यावर टीव्ही मांडून पिक्चर लावणं तर ठरलेलंच होतं. मग कुणीतरी एका खोलीत व्हीसीआर ठेवला, गच्चीवरून वायर टाकून ती शेजारच्या पन्नास घरांत नेली आणि महिन्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली, दुपारी एक पिक्चर आणि रात्री एक. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुंबईत केबल म्हणजे हे होतं. कुठल्याही चॅनेलच्या आधी वायर आली होती, आणि वायर टाकणारा गल्लीतलाच ओळखीचा पोरगा होता, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं भांडण नीट समजतं.

१९९१ च्या सुरुवातीला आखाती युद्ध झालं, ते सीएनएनवर लाइव्ह दिसायला लागलं, त्याच वर्षी स्टार टीव्ही आलं आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही. केबलवाल्यांनी गच्चीवर मोठ्या जाळीच्या छत्र्या लावल्या, लॅमिंग्टन रोडवरून रिसीव्हर आणि मॉड्युलेटर आणले, आणि व्हीसीआरच्या जागी ही यंत्रं बसली. परवानगी कुणाची घ्यायची हे सांगणारा कायदाच नव्हता, तो केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा १९९५ मधे आला, आणि त्यातही केबलवाल्याची नोंदणी व्हायची पोस्टात, हेड पोस्टमास्तरकडे. पुढे मोठ्या कंपन्या आल्या, सिटीकेबल, हाथवे, इनकेबल वगैरे, त्यांना धंद्यात एमएसओ म्हणतात. त्यांची मोठी कंट्रोल रूम असते, तिथे सगळे चॅनेल उपग्रहावरून उतरवतात आणि वायरने गल्लीतल्या केबलवाल्याला देतात. केबलवाला म्हणजे एलसीओ, तो शेवटची वायर घरात आणतो, पैसे गोळा करतो, बिघाड झाला की शिडी घेऊन येतो आणि शिव्याही तोच खातो.

त्या काळात सिग्नल अॅनालॉग होता. एका चॅनेलला वायरमधे ७ ते ८ मेगाहर्ट्झची जागा लागायची, त्यामुळे कितीही ओढाताण केली तरी ऐंशी-शंभर चॅनेलच्या पुढे मजल जात नव्हती, आणि त्यातही खालच्या फ्रिक्वेन्सीवरचे चॅनेल चकचकीत तर वरचे मुंग्या आलेले. म्हणून खालची जागा मिळवायला चॅनेलवाले एमएसओला पैसे मोजायचे, त्याला कॅरेज फी म्हणतात. पण खरा प्रश्न मोजणीचा होता. वायर एकदा घरात आली की त्या घरात किती टीव्ही, काय बघतात, मुळात ते घर हिशोबात आहे की नाही हे वर बसलेल्या कुणालाच कळत नव्हतं. केबलवाला एमएसओला घरं कमी दाखवायचा, एमएसओ चॅनेलवाल्यांना त्याहून कमी, आणि करमणूक कराचा हिशोबही त्याच कमी आकड्यावर. चॅनेलवाले मग दर वाढवायचे, भांडण झालं की चॅनेल बंद, आणि नेमकी मॅच असली की घरोघरी बोंब. मला विचाराल तर बॉक्स आला तो या न मोजलेल्या घरांसाठी. चित्र स्वच्छ झालं हे खरं, पण ते सोबत आलेलं बक्षीस.

पहिला प्रयत्न कॅस नावाने झाला. २००२ च्या शेवटी कायद्यात बदल झाला, पे चॅनेल बघायचा तर बॉक्स लागेल असं ठरलं. चेन्नईत १ सप्टेंबर २००३ पासून लागू झालं, बाकी शहरांत मात्र टोलवाटोलवी होत राहिली आणि कोर्टाने कान धरल्यावर ३१ डिसेंबर २००६ पासून दक्षिण मुंबईत आणि दिल्ली, कोलकात्याच्या काही भागांत सुरू झालं. ट्रायने, म्हणजे टेलिकॉम आणि केबलवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, दर बांधून दिले होते, किमान ३० फ्री चॅनेलचे ७७ रुपये आणि पे चॅनेल प्रत्येकी जास्तीत जास्त ५ रुपये. ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर इतका सरळ हिशोब पुन्हा कधी मिळाला नाही. पण रस्त्याच्या एका बाजूला कॅस आणि दुसऱ्या बाजूला जुनी वायर असं असल्यावर कोण कशाला बॉक्स घेईल, त्यामुळे ते पसरलं नाही. तोवर छत्रीवाले आले, डिश टीव्ही २००३ मधे, दूरदर्शनची फुकट सेवा २००४ च्या डिसेंबरात, टाटा स्काय २००६ मधे, आणि लोकांना बॉक्सची सवय खरं तर त्यांनीच लावली.

मग डिसेंबर २०११ मधे पुन्हा कायदा बदलला आणि या वेळी सवलत ठेवली नाही, देशभर टप्प्याटप्प्याने अॅनालॉग बंद. मुंबईसाठी आधी ३० जून २०१२ ची तारीख होती, ती पुढे ढकलून ३१ ऑक्टोबर २०१२ झाली, आणि त्या रात्रीनंतर ज्यांच्याकडे बॉक्स नव्हता त्यांच्या टीव्हीवर मुंग्या. त्याआधीचे दोन आठवडे केबलवाल्याच्या ऑफिसबाहेर रांगा, फॉर्म, फोटो, रेशन कार्डाची झेरॉक्स, साधारण हजार-बाराशे रुपये रोख, आणि बॉक्सचा स्टॉक संपलाय उद्या या. पुणे, नागपूर, नाशिक ही शहरं दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ ला. उरलेली गावं तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात, कोर्टकचेऱ्या होत होत २०१७ उजाडलं.

बॉक्सच्या आत काय असतं ते थोडक्यात. वायर मागे स्क्रूच्या पिनेला लागते, आत ट्यूनर असतो तो हवी ती फ्रिक्वेन्सी पकडतो. डिजिटलमधे ८ मेगाहर्ट्झच्या ज्या जागेत आधी एक चॅनेल मावायचा तिथे सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट जातात, म्हणजे चित्र दाबून लहान करायच्या एमपेग-२ या जुन्या पद्धतीत दहाएक आणि एमपेग-४ या नव्या पद्धतीत वीसच्या आसपास साधे चॅनेल. हे सगळे चॅनेल कंट्रोल रूममधूनच कुलूप लावून पाठवतात, आणि प्रत्येक बॉक्सला किंवा त्यात घातलेल्या कार्डाला एक नंबर असतो. तुम्ही पैसे भरले की कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवरून त्या नंबरसाठी आदेश वायरवर सोडतात, तो हजारो बॉक्सजवळून जातो पण उघडतो फक्त तुमचा. म्हणून पैसे भरल्यावर केबलवाला फोनवर सांगतो की बॉक्स चालू ठेवा, बंद करू नका, कारण बॉक्स बंद असला तर आदेश येऊन निघून जातो. मॅच बघताना मधेच स्क्रीनवर एक लांब नंबर चमकून जातो तो पण याच कार्डाचा किंवा बॉक्सचा, त्याला फिंगरप्रिंट म्हणतात, कुणी चोरून पुढे दाखवत असेल तर त्या चित्रावरून बॉक्स सापडावा म्हणून.

बिघाड मात्र बॉक्सच्या आत कमी आणि बाहेर जास्त. अॅनालॉगमधे सिग्नल कमी झाला की चित्र हळूहळू खराब व्हायचं, माणूस तसंच बघत बसायचा. डिजिटलमधे तसं नाही, चित्र एकदम स्वच्छ नाहीतर चौकोन चौकोन होऊन गोठतं आणि मग निळ्या पडद्यावर "नो सिग्नल". पावसाळ्यात गच्चीवरच्या जोडात पाणी जातं, आतली तार हिरवी पडते, केबलवाला ते टोक कापतो, वायर सोलतो, जाळी मागे वळवतो, नवीन पिन बसवून काळी टेप गुंडाळतो, दहा मिनिटांत चालू. कार्डवाला बॉक्स असेल तर आधी कार्ड काढून सोनेरी चिपवर खोडरबर घासून परत घालायचं, हे आमच्याकडे आजीलाही येत होतं.

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवीन दरपद्धत आली, तिने धंदा पुन्हा ढवळला. शंभर चॅनेलसाठी १३० रुपये नेटवर्कचे, त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून १५३ रुपये ४० पैसे, आणि पे चॅनेलचे पैसे वेगळे, प्रत्येकाची छापील किंमत जाहीर. झी मराठी १९ रुपये, कलर्स मराठी १०, स्टार प्रवाह ९ अशा किमती तेव्हा लागल्या. एका पॅकमधे टाकायचा चॅनेल १९ च्या वर नसावा असा नियम होता, म्हणून मोठमोठ्या चॅनेलची किंमत बरोब्बर १९ वर येऊन थांबली. पाहिजे तेच चॅनेल घ्या हे तत्त्व उत्तम आहे आणि मी त्याच्या बाजूनेच आहे, पण सुटे चॅनेल निवडले की बेरीज पॅकपेक्षा जास्त व्हायची, मग लोक परत पॅकवरच आले आणि पॅकमधे नको असलेले दहा चॅनेल आलेच. केबलवाल्यासाठी १३० मधले ४५ टक्के, म्हणजे ५८ रुपये ५० पैसे, हा तेव्हा नियमातला वाटा होता, दुसरा करार झाला नसेल तर. एवढ्यात शिडीवाला पोरगा, वायर, ऑफिसचं भाडं सगळं बसवायचं. २०२० मधे त्याच १३० मधे २०० चॅनेल झाले.

रेकॉर्डिंगचं काय झालं हे वेगळं सांगायला हवं. व्हीसीआर होता तेव्हा एक चॅनेल बघत दुसरा कॅसेटवर घेता यायचा, वायर आधी व्हीसीआरला आणि तिथून टीव्हीला एवढंच, आणि तीन तासांच्या कॅसेटवर नाटक नाहीतर मॅच भरून ठेवायची. कॅसेटवर पट्टी लावून त्यावर पेनाने तारीख. अमेरिकेत घरी टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करून नंतर बघणं कायदेशीर आहे का यावर मोठा खटला झाला आणि जानेवारी १९८४ मधे तिथल्या सुप्रीम कोर्टाने रेकॉर्डर बनवणाऱ्या सोनीच्या बाजूने, म्हणजे बघणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. बॉक्स आल्यावर कुलूप बॉक्समधे उघडतं आणि बॉक्स एका वेळी एकच चॅनेल देतो, त्यामुळे व्हीसीआर ज्यांच्याकडे उरले होते त्यांचीही एक बघत दुसरा घ्यायची सोय गेली. हार्ड डिस्कवाले बॉक्स छत्रीवाल्यांनी आणले, टाटा स्काय प्लस २००८ मधे, दोन ट्यूनर, चालू कार्यक्रम थांबवून मागे नेता यायचा. केबलमधे ते फार रुजलं नाही. एक तर महाग, दुसरं म्हणजे आपल्या मराठी मालिका दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारी परत लागतातच, मग रेकॉर्ड कशाला करायचं, आणि २०१५ मधे हॉटस्टार आल्यावर ते काम मोबाइलच करायला लागला. त्या रेकॉर्डिंगचंही कुलूप त्याच बॉक्सपुरतं, म्हणजे कॅसेट शेजाऱ्याला द्यायची जी सोय होती ती गेली, आणि ती मला अजून खटकते.

या सगळ्यात एक चांगली गोष्ट टिकून आहे ती म्हणजे गल्लीतला लोकल चॅनेल. एमएसओ आणि केबलवाले स्वतःचा एखादा चॅनेल चालवतात, त्यावर पाणी कधी येणार नाही याची पट्टी, वाढदिवसाच्या शुभेच्छा, दहीहंडी, आणि अनंत चतुर्दशीला गावातल्या विसर्जनाची मिरवणूक रात्रभर. ज्या म्हाताऱ्या माणसांना जिने उतरून जाता येत नाही ती आपल्या मंडळाचा गणपती यावरच बघतात, हे मी घरात बघितलंय.

सगळ्यात मोठी अडचण अजून सुटलेली नाही. बॉक्सचे पैसे आपण भरतो पण तो चालतो एकाच कंपनीवर, कारण कुलपाची पद्धत प्रत्येकाची वेगळी. मोबाइलचं सिम बदलतो तसं कार्ड बदलून तोच बॉक्स दुसरीकडे चालावा अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मधे केली आहे, बाजारात अजून तसा बॉक्स सहज मिळत नाही. ज्यांना हे सगळं नकोच त्यांनी दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री लावली, एकदाच पैसे आणि महिन्याचं काही नाही, सह्याद्री त्यावर दिसतं, खेडोपाडी तीच जास्त. केबलवालेही आता फायबर टाकून इंटरनेट विकतात, वायर टाकायची वाट आणि घरांची ओळख त्यांच्याकडे आधीपासून आहेच. आम्ही घर बदललं, नंतर एरियातला केबलवाला बदलला, दर वेळी नवीन बॉक्स घ्यावा लागला. माळ्यावर तीन बॉक्स आहेत, रिमोट रबर लावून सोबत ठेवलेले, तिन्हीला लाइट लावला की अजून लाल दिवा लागतो.