पिप्रहवा रत्ने

पिप्रहवा रत्ने : उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेलगत असलेल्या पिप्रहवा येथील स्तूपातून १८९८ मध्ये, बुद्धाच्या मानल्या जाणाऱ्या अस्थींसोबत निघालेला रत्ने, मोती व सुवर्णपत्रे यांचा संच. वसाहतकाळात खणून काढलेल्या पवित्र वस्तूंची मालकी कोणाची, या वादात हे प्रकरण महत्त्वाचे ठरले आहे.

बर्डपूर इस्टेट सांभाळणाऱ्या विल्यम क्लॅक्स्टन पेपे याने आपल्या जमिनीवरील हा स्तूप खणला. आत एक प्रचंड दगडी पेटी होती. तिच्यात शंखजिऱ्याच्या (मऊ दगडाच्या) कुप्या, माशाच्या आकाराची मूठ असलेला स्फटिकाचा करंडक, अस्थींचे तुकडे आणि १८०० हून अधिक रत्ने व अलंकार सापडले. एका कुपीवरच्या ब्राह्मी लेखात हे अवशेष शाक्य बुद्धाचे असल्याचे म्हटले आहे. लेखाच्या अर्थाबद्दल विद्वानांत मतभेद झाले. शिवाय याच परिसरात काम करणारा सरकारी पुरातत्त्वज्ञ अलोइस फ्यूरर बनावट अवशेष विकताना उघडा पडला आणि त्याची छाया या शोधावरही पडली. १९७० च्या दशकात के. एम. श्रीवास्तव यांच्या उत्खननात आणखी अस्थिपात्रे व बुद्धाचे बालपण जिथे गेले त्या कपिलवस्तूचा उल्लेख असलेल्या मुद्रा मिळाल्या.

खरा प्रश्न वाटणीचा आहे. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेले धन) कायद्यानुसार ब्रिटिश सरकारने या ठेव्यावर हक्क सांगितला. अस्थी सयामचा (आजच्या थायलंडचा) राजा चुलालोंगकोर्न याच्याकडे गेल्या. त्यांतला काही भाग पुढे ब्रह्मदेश व श्रीलंकेत पोहोचला. बहुतेक रत्ने कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आली आणि सुमारे एक पंचमांश रत्ने, एकसारख्या वस्तूंच्या जादा प्रती म्हणून, पेपेकडे राहू दिली गेली. ज्यांनी ती पुरली त्यांनी अस्थी आणि रत्ने एकत्रच अर्पण केली होती. सरकारी हिशेबात मात्र अस्थी धर्माच्या, रत्ने संग्रहालयाची आणि उरलेली जमीनमालकाची ठरली. त्यामुळे पेपे घराण्याचा ताबा त्या काळच्या कायद्याला धरून होता, एवढे म्हटल्याने वाद मिटत नाही. तो कायदाच परक्या सत्तेने केलेला होता.

मे २०२५ मध्ये पेपेच्या वारसांकडील रत्नांचा हाँगकाँगमध्ये सदबीज या संस्थेमार्फत लिलाव ठरला. ही रत्ने बौद्धांकडे सोपवण्याचा लिलाव हाच उचित मार्ग असल्याचे वारसांचे म्हणणे होते. त्यावर अभ्यासक व बौद्ध संघटनांनी टीका केली, भारत सरकारने कायदेशीर नोटीस बजावली आणि लिलाव पुढे ढकलला गेला. जुलै २०२५ अखेर मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाने ती विकत घेतली व रत्ने भारतात आली. किंमत जाहीर झालेली नाही. ज्या वस्तूंच्या विक्रीलाच हरकत घेतली, त्या अखेर पैसे मोजूनच परत आल्या, ही यातली अवघड बाजू. आणि मोबदल्याविना परतावा मागणाऱ्या देशांना हा पायंडा फारसा सोयीचा नाही.