चार पिक्सेलचा प्लूटो

प्लूटोवरचा तो बदामाच्या (हृदयाच्या) आकाराचा पांढुरका भाग आता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. फोटो हबल या अवकाश दुर्बिणीचा, असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. तो हबलचा नाही. जुलै 2015 मध्ये प्लूटोजवळून गेलेल्या न्यू होरायझन्स यानाचा आहे. हबलला त्या जागी नुसता एक उजळ डाग दिसला होता, आणि तोही सहजासहजी नाही.

1930 मध्ये क्लाइड टॉम्बॉने ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत सहा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या आकाशाच्या फोटोंच्या दोन काचा आलटूनपालटून पाहिल्या. जागचा हललेला ठिपका म्हणजे प्लूटो. पुढची 48 वर्षं तो ठिपकाच राहिला. 1978 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जेम्स क्रिस्टीला फोटोच्या काचेवर त्या ठिपक्याला एका बाजूने फुगवटा दिसला. त्याच काचेवरचे तारे मात्र गोल होते, म्हणजे दोष दुर्बिणीचा नव्हता. तो फुगवटा म्हणजे प्लूटोचा चंद्र शॅरन.

अडचण मापाची आहे. आकाशात प्लूटोची रुंदी साधारण 0.1 विकला, म्हणजे अंशाचा 36 हजारावा भाग. लोणावळ्यात कुणी दहाचं नाणं धरलं आणि आपण ते पुण्यातून पाहिलं, तर ते एवढंच दिसेल. त्यात आपली हवा प्रतिमा विकलाभर पसरवून टाकते. म्हणून हवेच्या वर जायचं. हबल 1990 मध्ये गेली ती सदोष आरसा घेऊन. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्ती केली आणि 1994 मध्ये तिच्यावरच्या युरोपीय कॅमेऱ्याने प्लूटोचे उजळ-काळपट पट्टे टिपले.

2002-03 मध्ये नव्या कॅमेऱ्याने पुन्हा फोटो घेतले. त्यातही प्लूटो जेमतेम चार पिक्सेल रुंद! मग युक्ती अशी, की दुर्बीण दर वेळी एका पिक्सेलहूनही कमी सरकवायची आणि असे अनेक फोटो घ्यायचे. प्लूटो 6.4 दिवसांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे सगळ्या बाजू मिळतात. मग गणित: पृष्ठभाग कसा असेल तर नेमके हेच पिक्सेल उमटतील? खगोलशास्त्रज्ञ मार्क बुई यांच्या 20 संगणकांना ते सोडवायला चार वर्षं लागली. 2010 मध्ये नकाशा प्रसिद्ध झाला, तोवर तो कॅमेरा बंद पडून तीन वर्षं झाली होती.

त्या नकाशातला ठळक उजळ डाग कार्बन मोनॉक्साइडच्या बर्फाच्या जागी होता. यान पोचलं तेव्हा तिथेच बदाम निघाला. हबलचा आरसा 2.4 मीटरचा, यानावरच्या दुर्बिणीचा अवघा 20.8 सेंटिमीटरचा; फरक पडला तो जवळ जाण्याने.