दीर्घकाळ टिकणारी गर्भनिरोधकं (बेळगाव सीमाभाग)

एकदा बसवलं, टोचलं किंवा करून घेतलं की रोज आठवण ठेवायला लागत नाही, असे पाळणा लांबवायचे नाहीतर थांबवायचे उपाय. यात गर्भाशयात बसवायची तांबी (कॉपर-टी), हार्मोनवाली तांबी, दंडात कातडीखाली बसवायची कांडी, तीन महिन्यांचं इंजेक्शन आणि कायमचं म्हणजे बाईचं किंवा पुरुषाचं ऑपरेशन एवढं सगळं येतं. पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडे "काय केलंयस काय गं?" असं कुणी विचारलं तर त्याचा अर्थ बहुतेक "ऑपरेशन झालं काय" एवढाच असतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या निम्म्याहून जास्त विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि पुरुषांचं शंभरात एकाचंही नाही.

या भागाला मुंबई आणि म्हैसूर दोन्हीकडचा वारसा आहे. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यातच होतं. म्हैसूर संस्थानानं 1930 मध्ये सरकारी केंद्रं उघडली, पण त्या राज्याशी बेळगाव जोडलं गेलं ते 1956 ला. 1965 च्या सुमाराला सरकारनं प्लास्टिकचा लूप आणला, म्हाताऱ्या बायका अजून तांबीला लूपच म्हणतात.

भाषेची गंमत वेगळीच. सरकारी दवाखान्यात तांबीला कन्नडमध्ये 'वंकी' म्हणतात, आणि आपल्याकडं वंकी म्हणजे दंडातला दागिना, त्यामुळं नवीन सुनेला वाटतं हातातच काहीतरी घालणार. गरोदरपणी मिळणारं 'तायी कार्ड' (तायी म्हणजे आई) सगळ्या 'ताई कार्ड' म्हणतात. ऑपरेशनच्या कन्नड नावात 'हरण' शब्द आहे, तो मराठी कानाला सीताहरणासारखा लागतो.

निवड करताना पहिला प्रश्न आणखी मूल हवंय का हा, आणि दुसरा पाळीचा, जो दवाखान्यात गडबडीत राहूनच जातो. आधीच अंगावरून जास्त जात असेल, रक्त कमी असेल, तर साधी तांबी विचार करून घ्यावी कारण पहिले तीन ते सहा महिने रक्तस्राव आणि पोटदुखी वाढू शकते, नंतर बहुतेकींचं कमी येतं. हार्मोनवाली तांबी उलट पाळी कमी करते, म्हणून जास्त जाणाऱ्या बायकांना डॉक्टर तीच सुचवतात, पण ती महाग. साधी तांबी सरकारी दवाखान्यात फुकट असते, 380 नंबरची 10 वर्षं चालते आणि 375 नंबरची 5. ती काळजापर्यंत जाते, गंजते वगैरे जे सांगतात त्यात काही तथ्य नाही. निसटून बाहेर मात्र पडू शकते, म्हणून तिचा दोरा बोटाला लागतो का ते अधूनमधून बघावं. काढली की लगेच दिवस राहू शकतात.

'अंतरा' इंजेक्शन सरकारी दवाखान्यात 2017 पासून मिळायला लागलं. दर तीन महिन्यांनी घ्यायचं, कुणाला कळत नाही, सासूलाही नाही, हा त्याचा मोठा गुण. पाळी मात्र अनियमित होते किंवा बंदच पडते, आणि थांबवल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात, तेव्हा पुढच्या वर्षी मूल हवं असेल तर हे नको. शिवाय तारीख फार पुढं गेली की भरवसा गेला. दंडातली कांडी 3 वर्षं टिकते आणि अपयश जवळजवळ नाहीच, पण बसवणारे-काढणारे शिकलेले हात सगळीकडे नाहीत.

सीमाभागातली खरी अडचण माहेर-सासरची. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे कित्येकींचं गडहिंग्लज, चंदगड, कोल्हापूरकडं, आणि बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत तांबी बसवता येते (नाहीतर मग सहा आठवडे थांबायचं), त्यामुळं ती तिकडंच बसते. बाई परत खानापूरला आली की इथल्या नर्सला काय बसवलंय तेच माहीत नसतं. लवकर बसवलेली तांबी निसटण्याचं प्रमाणही जास्त, म्हणजे तपासणी तिलाच जास्त गरजेची. नंबर आणि तारीख मराठीत वहीत लिहून ठेवणं एवढा साधा उपाय आहे, पण करतंय कोण.

ऑपरेशन म्हणजे परत न फिरायचा रस्ता धरावा, नळ्या परत जोडतात पण मूल होईलच याची खात्री नसते. सरकारी नियमानं बाई 22 ते 49 वयाची आणि विवाहित, एक तरी मूल वर्षाच्या वरचं असावं लागतं, नवऱ्याची सही लागत नाही (तरी मागतात). खरं तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जास्त सोपी, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती आणि त्याच दिवशी घरी. "जड काम जमणार नाही, ऊस कोण तोडणार" ही भीती खोटी, ताकद जात नाही, दोन दिवस आराम आणि आठवडाभर ओझं उचलायचं नाही एवढंच. तीन महिने मात्र निरोध वापरायलाच लागतो आणि मग वीर्य तपासून घ्यायचं, नाहीतर चौथ्या महिन्यात बायकोला दिवस गेले की गावभर भलतंच बोललं जातं.