बेट्स कॉलेज

अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन राज्यात, लुइस्टन या गिरणगावात १८५५ साली स्थापन झालेले खासगी निवासी महाविद्यालय. येथे फक्त पदवीचे शिक्षण मिळते. भाषा, इतिहास, समाजशास्त्रे आणि विज्ञान हे विषय एकमेकांच्या जोडीने शिकवणाऱ्या लिबरल आर्ट्स परंपरेतले हे कॉलेज असून विद्यार्थिसंख्या सुमारे १,८०० आहे.

बेट्सचा स्वभाव समजायचा तर ते उभारणाऱ्या फ्रीविल बॅप्टिस्ट पंथापासून सुरुवात करावी लागते. बेंजामिन रँडल यांनी १७८० मध्ये न्यू हॅम्पशरमधील न्यू डरहॅम येथे हा पंथ सुरू केला. तारण (पापातून मुक्ती) हे देवाने आधीच निवडलेल्या मोजक्यांसाठी राखून ठेवलेले नाही, ते सर्वांसाठी आहे आणि स्वीकारायचे की नाकारायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे, ही त्याची मूळ शिकवण. म्हणूनच प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षरस घेण्याचा विधी) इतर पंथांच्या ख्रिश्चनांनाही खुले होते, स्त्रिया प्रवचने देत आणि गुलामगिरीला ठाम विरोध होता. १८३० च्या दशकात या पंथाचे मिशनरी ओडिशातील बालेश्वर भागातही पोहोचले. अनुयायी मुख्यतः लहान शेतकरी आणि कारागीर. पैसा बेताचा, पण शाळा काढण्याची हौस मोठी.

मेनमधील पार्सन्सफील्ड येथील त्यांची शाळा १८५४ मध्ये आगीत भस्मसात झाली. ऑरेन बरबँक चेनी हे पंथाचे पाळक (धर्मगुरू), डार्टमथ कॉलेजचे पदवीधर आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक. त्यांनी जुनी शाळा पुन्हा बांधण्याऐवजी राज्याच्या मध्यवर्ती भागात मोठी संस्था काढायचे ठरवले. मार्च १८५५ मध्ये विधिमंडळाने ‘मेन स्टेट सेमिनरी’ला सनद दिली आणि पुढच्या वर्षी वर्ग भरू लागले. हॅथॉर्न हॉल ही पहिली इमारत आजही वापरात आहे. मुलगे आणि मुली पहिल्यापासून एकत्र शिकत, आणि वर्णावरून कोणाला प्रवेश नाकारायचा नाही हेही ठरलेले होते. शाळेचे कॉलेज करण्याचा चेनींचा हट्ट त्यांच्याच काही सहकाऱ्यांना पेलवणारा वाटत नव्हता. तरी १८६३ मध्ये कॉलेजचे वर्ग सुरू झाले, १८६४ मध्ये नवी सनद मिळाली आणि १८६७ मध्ये पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली.

कॉलेजला नाव मिळाले ते बॉस्टनचे उद्योगपती बेंजामिन बेट्स यांचे. अँड्रॉस्कॉगिन नदीच्या धबधब्यावर चालणाऱ्या लुइस्टनच्या कापडगिरण्यांत त्यांचे मोठे भांडवल होते आणि कॉलेजचे सर्वांत मोठे देणगीदारही तेच. या पैशाची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धापूर्वी या गिरण्यांत येणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्या श्रमावर पिकत होता. गुलामगिरीविरोधकांनी काढलेली संस्था त्याच कापसातून आलेल्या नफ्यावर उभी राहिली. बेट्स यांनी आणखी एक लाख डॉलर देण्याचे वचन दिले होते, पण १८७८ मध्ये ते वारले. वारसांनी रक्कम देण्यास नकार दिला आणि न्यायालयाचा निकालही कॉलेजच्या विरुद्ध गेला. त्यानंतरची बरीच वर्षे ओढाताणीत गेली.

पैशाची अशी तंगी असतानाही प्रवेशाचे तत्त्व ढळले नाही, आणि या कॉलेजची खरी कमाई मी हीच मानतो. आरंभी दाखल झालेल्या मुलींपैकी बहुतेकींनी मध्येच कॉलेज सोडले. त्यांच्या प्रवेशाला विरोध करणारे विद्यार्थी वर्गातच होते. मेरी व्हीलराइट मिचेल मात्र टिकून राहिल्या आणि १८६९ मध्ये पदवीधर झाल्या. न्यू इंग्लंडमधील (मेनसह अमेरिकेच्या ईशान्येकडील सहा राज्यांतील) सहशिक्षण देणाऱ्या कॉलेजातून पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. हेन्री विल्किन्स चँडलर हे बेट्सचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर (१८७४). निवडक विद्यार्थ्यांच्या ‘फ्रॅटर्निटी’ संघटनांना बेट्सने कधीच थारा दिला नाही. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी हार्पर्स फेरी येथे निघालेल्या स्टोरर कॉलेजच्या उभारणीतही चेनींचा पुढाकार होता.

१८९४ मध्ये चेनींच्या जागी बेट्सचेच माजी विद्यार्थी जॉर्ज कोल्बी चेस अध्यक्ष झाले. देणग्यांसाठी ते अखंड हिंडत राहिले. ग्रंथालय आणि चॅपेल (प्रार्थनागृह) त्यांच्याच काळातले. पंथापासून फारकतही याच काळात झाली आणि तिचे कारण व्यावहारिक होते. कार्नेगी प्रतिष्ठानाची प्राध्यापकांसाठीची निवृत्तिवेतन योजना पंथाच्या ताब्यातील संस्थांना मिळत नसे. त्यामुळे १९०७ मध्ये सनद बदलून घेण्यात आली आणि अध्यक्ष व बहुसंख्य विश्वस्त फ्रीविल बॅप्टिस्ट असण्याची अट गेली. पुढच्याच वर्षी कॉलेजला जोडलेले कॉब धर्मशास्त्र विद्यालय बंद झाले. १९११ मध्ये उत्तरेकडील फ्रीविल बॅप्टिस्ट मोठ्या बॅप्टिस्ट संघटनेत विलीन झाले.

वादविवाद ही बेट्सची जुनी ओळख. १९२१ मध्ये येथील विद्यार्थ्यांचा संघ अटलांटिक ओलांडून ऑक्सफर्डशी वाद घालायला गेला. त्याच सुमाराचे एक विद्यार्थी म्हणजे बेंजामिन मेज (पदवी १९२०). दक्षिण कॅरोलायनातील गुलामांच्या वंशात जन्मलेले मेज गोऱ्यांच्या बरोबरीने आपण उभे राहू शकतो का, हे अजमावण्यासाठी मुद्दाम न्यू इंग्लंडमध्ये आले होते. बेट्सने आपल्याला मुक्त केले नाही, स्वतःला मुक्त करून घेणे शक्य केले, असे ते पुढे सांगत. वायएमसीए या ख्रिश्चन युवक संघटनेच्या म्हैसूर येथील परिषदेसाठी ते भारतात आले, तेव्हा १९३६ च्या अखेरीस वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटले. अहिंसा मोठ्या जनसमूहाने कशी आचरणात आणायची, याबद्दल त्यांनी गांधीजींना खोदून खोदून विचारले. १९४० पासून ते अटलांटातील मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष होते आणि तिथे पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी अहिंसक लढा देणारे मार्टिन ल्यूथर किंग यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. महाराष्ट्रातल्या वाचकाने बेट्सची ओळख ठेवावी ती या धाग्यासाठी.

दुसऱ्या महायुद्धात नौदलाचे प्रशिक्षण येथे चाले; अध्यक्ष जॉन केनेडी यांचे धाकटे भाऊ रॉबर्ट केनेडी त्यासाठीच काही महिने बेट्सला होते. प्रवेशासाठी सॅट या देशव्यापी परीक्षेचे गुण देणे बेट्सने १९८४ मध्येच ऐच्छिक केले, बहुतेक कॉलेजांच्या कितीतरी आधी. बहुतेक विद्यार्थी शेवटच्या वर्षी स्वतंत्र प्रबंध लिहितात. जुन्या कोरम ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून ते आपल्या प्रबंधाची प्रत स्वतः बांधतात आणि मग मित्रमंडळींचा जल्लोष सुरू होतो. २००२ मध्ये इलेन टटल हॅन्सन या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. २०२३ पासून गॅरी जेन्किन्स हे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष आहेत.