पहाटेचा सामूहिक मैदानी व्यायाम (कोल्हापूर)

सूर्योदयाआधी ठरलेल्या जागी जमून पुरुषांच्या गटाने उघड्यावर, फी न घेता आणि यंत्रांविना केलेला व्यायाम. गट बहुधा सहा ते पंधरा जणांचा असतो आणि वेळ पाऊण ते एक तासाचा. भर अंगाच्या वजनावर: धाव, जोर, बैठका, चढ, जोडीने ओझे वाहणे. सोबत महिना-दोन महिन्यांसाठी प्रत्येकाने घेतलेले एक आव्हान असते, आणि शेवटी पाच मिनिटे गोल बसून त्याचा हिशेब दिला जातो. जिमला न गेल्यास कोणी विचारत नाही. इथे साडेपाचला न दिसलेल्या माणसाला सहाच्या आत फोन जातो, आणि या व्यायामाची अर्धी ताकद त्या फोनात असते.

पूर्वपीठिका

कोल्हापुरात पहाटेची मेहनत नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी (1874–1922) कुस्तीला राजाश्रय दिला आणि 1912 मध्ये खासबाग मैदान बांधून पूर्ण झाले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत आजही बाहेरगावची पोरे राहून मेहनत करतात. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव शिकायला आणि लढायला कोल्हापुरातच होते. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल ही नावे आता फुटबॉलच्या मैदानावर जास्त गाजत असली, तरी त्यांच्यापुढे ‘तालीम’ हा शब्द टिकून आहे.

मात्र तालीम ही पैलवानाची जागा. तिथे वय कोवळे, खुराक ठरलेला, दुपारची झोप ठरलेली आणि डोक्यावर वस्तादांची नजर. मैदानी गटात येतो तो दुकानदार, शिक्षक, बँकेतला कारकून, कारखान्यातला फिटर. वय पस्तीस ते साठ. यांतले बरेच जण विशीत तालमीत गेलेले असतात, आणि इथल्या बहुतेक दुखापतींचे मूळ तेच आहे. किती जोर मारायचो याची आठवण विसाव्या वर्षाची असते, खांदे-गुडघे मात्र पंचेचाळिशीचे असतात. पेठेची ईर्षा त्यात तेल ओतते.

याच धर्तीची बाहेरची चळवळ म्हणजे 2011 मध्ये अमेरिकेतील शार्लट शहरात सुरू झालेली एफथ्री. विनाशुल्क, सर्व पुरुषांना खुले, ऊन-पाऊस न पाहता बाहेर, दर वेळी सदस्यांपैकीच कोणीतरी नेतृत्व करायचे आणि शेवटी गोल करायचा, असे तिचे पाच नियम आहेत. नेतृत्व करणाऱ्याला प्रशिक्षणाची अट नाही. पाळीपाळीने नेतृत्व ही पद्धत घेण्यासारखी आहे. पण अंगस्थिती सुधारणारी नजर एकाच जाणत्या माणसाची असावी, इथे तालमीचा नियमच बरा.

जागा आणि ऋतू

कोल्हापुरात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातनंतर. म्हणजे साडेपाचचा गट हिवाळाभर अंधारातच असतो. रस्त्याने धावायचे तर वाहनांच्या समोरून, पुढच्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगावर चमकणारी पट्टी, आणि मोकळ्या कुत्र्यांच्या टोळीसमोर धाव थांबवून चालत जायचे. कुत्रा चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घेणे, यात चर्चेला जागा नाही.

गांधी मैदानासारखी मातीची जागा गुडघ्यांना सोपी, पण पावसाळ्यात तिथे चिखल होतो. रंकाळ्याकाठची फरसबंदी चालायला उत्तम. आठवड्यातून चार दिवस त्यावर धावणाऱ्याच्या नडग्या महिन्याभरात बोलू लागतात. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात झाडी आणि सौम्य चढ दोन्ही मिळतात. टेंबलाईची टेकडी छोट्या चढाच्या फेऱ्यांना सोयीची. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या नोव्हेंबर ते मे चालतात. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते, आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी वाढू लागली की नदीकाठ सोडायचा. इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, पण व्यायामापुरता बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी पुरेशी मानावी.

पावसामुळे गट बंद ठेवायची गरज नसते. विजा चमकत असतील तर मात्र झाडाखाली न थांबता छपराखाली जायचे. पावसाळ्यात धाव कमी करून जोर-बैठका वाढवाव्यात, आणि पर्यायी छप्पर आधीच ठरवून ठेवावे. ते नसलेला गट जुलैत मोडतो.

एका पहाटेची मांडणी

पहिली दहा मिनिटे अंग गरम करण्याची. दोन-तीन मिनिटे चालणे, तेवढीच संथ धाव, मग घोटे, गुडघे, कंबर, खांदे फिरवणे, आणि शेवटी हलके पाच जोर व दहा बैठका. हिवाळ्यात यात पाच मिनिटांची भर. थंड अंगाने शर्यतीची धाव घेतली की टाचेवरची जाड शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर) तुटू शकते. तिशी ते पन्नाशीच्या, आठवड्यातून एखाद्या दिवशीच पळणाऱ्या पुरुषांत ही दुखापत जास्त. मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटते, ‘कट्’ आवाज येतो आणि चवड्यावर उभे राहता येत नाही. असे झाल्यास चोळू नये, बर्फ लावून सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे.

मग अर्ध्या तासाची मुख्य मेहनत: दोन दिवस जोर-बैठका, एक दिवस धाव, एक दिवस चढ किंवा ओझे. आठवड्यात चार दिवस पुरतात. धावताना पुढे गेलेल्यांनी थांबून टाळ्या वाजवायच्या नसतात, मागे वळून शेवटच्या माणसापर्यंत यायचे आणि त्याच्यासोबत पुन्हा पुढे जायचे. त्यामुळे जोमदार माणसाचे अंतर वाढते आणि नवख्याला एकटे पडल्यासारखे होत नाही. निघताना आणि परतताना डोकी मोजायची. शेवटची पाच-सात मिनिटे चालणे आणि ताण देणे. एकदम बसल्याने रक्तदाब उतरून चक्कर येते.

मोजणी मोठ्याने करायची, आणि तीही आळीपाळीने. दहा जणांसमोर तोंड उघडायला लाजणारा माणूस आधी एका व्यायामाची मोजणी घेतो, पुढे दहा मिनिटे चालवतो, तीन-चार महिन्यांनी पूर्ण पहाट. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात पैसे भरून जे शिकवतात, त्यातले बरेच इथे चिखलात उभे राहून होते.

जोर

हात खांद्यांच्या रुंदीवर, बोटे पुढे, पाय हातभर अंतरावर, कंबर वर. या स्थितीतून छाती दोन्ही हातांच्या मधून जमिनीलगत पुढे न्यायची, डोके वर काढत हात सरळ करायचे आणि कंबर मागे उचलत मूळ जागी यायचे. खाली जाताना श्वास सोडावा की घ्यावा यावर तालमीतालमींत मतभेद आहेत. श्वास कोंडू नये एवढे सर्वांना मान्य. रक्तदाब असलेल्याने तर मुळीच कोंडू नये.

चुका तीन. कोपरे बाहेर फाकतात, मग खांद्याचा पुढचा भाग दुखतो. परतताना कंबर उचलली जात नाही, मग मणक्यावर ताण येतो. आणि घाईत छाती अर्धीच खाली जाते, मग आकडा वाढतो, अंग नाही. “काका, कंबर खाली पडायला लागली, तिथंच थांबा,” असे वयाने लहान माणसाला बिनदिक्कत म्हणता आले पाहिजे. नवख्याने हात पायरीवर किंवा कट्ट्यावर ठेवून सुरुवात करावी: आठ-आठचे तीन फेरे. दर आठवड्याला फेऱ्यामागे एक-दोन वाढवावेत आणि चौथ्या आठवड्यात आकडा पुन्हा खाली आणावा.

बैठका

तालमीतली बैठक टाचा उचलून, हातांचा झोका घेत, चवड्यांवर मारतात. तिने मांड्या भरतात, पण जुने गुडघे कुरकुरतात. चाळिशीपुढच्यांनी टाचा टेकवून, मांडी जमिनीला समांतर होईपर्यंतच बसावे. गुडघे आत वळत असतील तर संख्या तिथेच थांबवायची. सुरुवात पंधराच्या तीन फेऱ्यांनी.

बैठकांवर पैज लावणे हा या शहराचा जुना शौक, आणि तोच सर्वांत घातक. सवय नसताना तीन-चारशे बैठका मारल्या की मांडीचे स्नायू इतके मोडतात की त्यातले द्रव्य रक्तात मिसळून मूत्रपिंडावर भार येतो. एक ते तीन दिवसांनी मांड्या सुजतात, जिना उतरवत नाही, लघवी काळ्या चहासारखी होते. ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पीत घरी बसणे किंवा वेदनाशामक गोळ्या घेणे, दोन्ही चूक. त्या गोळ्या मूत्रपिंडाला आणखी इजा करतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. साधे अंग धरणे वेगळे: ते दोन-तीन दिवसांत उतरते आणि लघवीचा रंग बदलत नाही.

ओझे आणि जोडी

वाळूचे पोते अर्धेच, वीस किलोपर्यंत भरावे आणि एकात एक दोन पोती घालावीत, एकेरी पोते मध्येच फाटते. मुदगल (फिरवायचे लाकडी सोटे) तीन-चार किलोच्या जोडीपासून. खांद्यामागून फिरवताना पाठ मागे झुकली तर वजन जास्त आहे असे समजावे. जोडीदाराला पाठकुळी घेण्यात वजनाचा फरक दहा किलोच्या आत, अंतर वीस मीटर, आणि पायऱ्यांवर कधीच नाही. अस्वलचाल (गुडघे न टेकवता हातापायांवर चालणे) ओल्या गवतावर बरी, पण आधी मैदानावर काचा आहेत का ते टॉर्चने पाहावे लागते. रात्री मैदानावर कोण बसून जाते हे प्रत्येक पेठेला माहीत असते.

आव्हान

आव्हान एका वेळी एकच, मोजता येणारे आणि गोलात सर्वांसमोर सांगितलेले. ‘तब्येत करणार’ हे आव्हान नव्हे; ‘सहा आठवड्यांत पायरीवरचे जोर जमिनीवर आणणार’ हे आहे. शारीरिक आव्हानांत पन्हाळा सर्वांना प्रिय. शहरापासून सुमारे वीस किलोमीटर दूर आणि साधारण 400 मीटर चढ. थेट शहरातून चालत न जाता आधी पायथ्यापासूनच्या चढाचे दोन रविवार करावेत. उतरताना गुडघे जास्त दुखतात, त्यासाठी पायऱ्या उतरण्याचा सराव लागतो.

जुलै 1660 मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून विशाळगडाकडे निसटले. त्या वाटेवरची पन्हाळा ते पावनखिंड मोहीम दरवर्षी जुलैत अनेक गट दोन दिवसांत करतात. ती पावसात, चिखलात आणि जळवांत होते. तयारी किमान दहा आठवड्यांची: आठवड्यातील लांब चाल दहा किलोमीटरपासून पंचवीसपर्यंत न्यायची, तीही ओल्या बुटांत. नवे बूट मोहिमेच्या दिवशी घालणारा माणूस दुसऱ्या दिवशी जीपमध्ये असतो. जादा मोजे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, आणि फोड येण्याआधी, नुसती आग होऊ लागताच टाचेला चिकटपट्टी.

अंगाबाहेरची आव्हाने जास्त जड जातात. तंबाखूचा मावा सोडणे हे त्यांतले पहिले. पहिले तीन दिवस चिडचिड सर्वांत जास्त, मग तलफ दोन-चार आठवड्यांत मंदावते. ते तीन दिवस पहाटेच्या गटाला जोडून आले तर निभावतात, म्हणून सुरुवात सोमवारी करावी. मोबाईल रात्री दहाला बंद करणे, मुलाला रोज अर्धा तास देणे, कर्जाचा हिशेब बायकोसमोर मांडणे, अशी आव्हानेही घेतली जातात.

आव्हान हुकल्यास जोरांची शिक्षा देऊ नये. शिक्षेच्या भीतीने उशिरा येणारा माणूस पुढे येतच नाही. पुन्हा किती घेणार, एवढेच विचारावे. ईर्षेला वाव हवाच, पण तो स्वतःच्या मागच्या महिन्याच्या आकड्याशी. त्यासाठी प्रत्येकाची एक वही. फळ्यावर सर्वांचे आकडे लावणारे गट पहिले दोन महिने जोरात असतात आणि तिसऱ्या महिन्यात खालच्या नावांचे लोक दिसेनासे होतात.

गोल

गोलातील बोलणे बाहेर जात नाही, व्हॉट्सअॅपवर तर नाहीच. विचारल्याशिवाय सल्ला नाही, उधार-उसनवारी नाही, राजकारण नाही. महापालिका निवडणुकीच्या तोंडावर कोणी टी-शर्ट देऊ केले तर नम्रपणे परत करावेत; छातीवर कोणाचे तरी चित्र आले की गटाचे दोन गट होतात.

प्रकृतीची खबरदारी

चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्याने रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रिकाम्या पोटी येऊ नये, आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. वेग इतकाच असावा की धावताना एक वाक्य बोलता येईल. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, थंड घाम यांपैकी काही झाल्यास त्याला बसवून 108 ला फोन. माणूस कोसळला, हाक मारून उत्तर देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाब द्यायचा. हे किमान तिघांना येत असावे आणि वर्षातून दोनदा त्याचा सराव व्हावा.

खाणे

येण्याआधी एक पेला पाणी आणि हवे तर अर्धे केळे. नंतर तासाभरात मोड आलेली मटकी, अंडी, दूध-भाकरी असे काही. तांबडा कट ओतलेली मिसळ रविवारी एकदा ठीक; रोज गट संपल्यावर मिसळीकडेच वळणाऱ्यांची ढेरी वर्षभर जागची हलत नाही आणि दोष मात्र जोर-बैठकांना लागतो. गंगावेशीतील दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध पिण्याची हौस पैलवानकीइतकीच जुनी आहे. पण कच्च्या दुधातून लांबलेला ताप आणि सांधेदुखी आणणारा ब्रुसेलासारखा जंतू येऊ शकतो, तेव्हा तेच दूध घरी नेऊन उकळून प्यावे.