सहा आठवड्यांच्या अंतरावरच्या दोन रात्री: शब-ए-बरात आणि शब-ए-कद्र

शाबान, म्हणजे रमजानच्या आधीचा इस्लामी महिना, अर्ध्यावर आला की फोनवर संदेश येऊ लागतात: ‘हजार महिन्यांहून श्रेष्ठ अशा शब-ए-बरातच्या शुभेच्छा’. पाठवणाऱ्यांत हिंदू मैत्रिणी असतात, तशी आमच्या नात्यातली मुलंही असतात. भावना मनापासूनची असते, पण हजार महिन्यांची गोष्ट शब-ए-बरातची नाही, ती रमजानच्या अखेरीस येणाऱ्या शब-ए-कद्रची. दोन्ही रात्री जागून काढायच्या, दोन्ही रात्री मशिदी उजळलेल्या, आणि आमच्याकडे तर दोन्हींना ‘बडी रात’च म्हणतात. गल्लत होणारच. पण रमजानसाठी मन तयार करायचं असेल, तर कोणत्या रात्री काय करायचं हे कळलेलं बरं.

नावांपासून सुरुवात करू. ‘शब’ म्हणजे फारसीत रात्र. ‘बरात’चा लग्नाच्या वरातीशी काहीही संबंध नाही, वर्तमानपत्रांत ‘शब-ए-बारात’ छापतात म्हणून तसं वाटतं. मूळ अरबी शब्द ‘बराअत’, म्हणजे सुटका, मोकळीक. पापांतून सुटण्याची रात्र. ‘कद्र’ हा तर मराठीत कधीच रुळलेला शब्द आहे. ‘कष्टांची कदर केली’ म्हणतो, तीच ही कदर. मोल, मान, आणि अरबीत त्याचा आणखी एक अर्थ आहे, ठरवून दिलेलं माप, म्हणजे नियती.

तारखांचा फरक सरळ आहे. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे शाबानचा 14वा दिवस मावळला की 15वी रात्र लागते, ती शब-ए-बरात. 2025 साली आपल्याकडे ती 13 फेब्रुवारीच्या रात्री होती आणि रमजानचा पहिला रोजा 2 मार्चला. शब-ए-कद्रला मात्र पक्की तारीख नाही. ती रमजानच्या शेवटच्या दहा रात्रींपैकी विषम रात्रींत, म्हणजे 21, 23, 25, 27 किंवा 29व्या रात्री शोधायची असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं. भारतात 27वी रात्र धरण्याचा रिवाज आहे, तरावीहमध्ये, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजमध्ये, कुरआनचं वाचनही अनेक मशिदींत त्याच रात्री पूर्ण होतं. पण रिवाज म्हणजे खात्री नव्हे.

गोंधळाचं खरं मूळ कुरआनच्या एका आयतीच्या (वचनाच्या) अर्थात आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. शब-ए-कद्रवर कुरआनात स्वतंत्र सूरह (अध्याय) आहे, 97वी, अवघ्या पाच आयतींची. ‘हजार महिन्यांहून श्रेष्ठ’ हे शब्द तिथले. हजार महिने म्हणजे 83 वर्षं आणि 4 महिने, माणसाचं एक भरलेलं आयुष्य. पण 44व्या सूरहमध्ये, सूरह दुखानमध्ये, नुसत्या ‘बरकतीच्या रात्री’चा उल्लेख येतो: त्या रात्री कुरआन उतरवला आणि प्रत्येक गोष्टीचा निर्णय त्या रात्री होतो. जुन्या काळातल्या काही भाष्यकारांनी ही रात्र म्हणजे शाबानची 15वी असं मानलं. वर्षभराचा हिशेब, कोण जगणार, कोण जाणार, हे शब-ए-बरातला लिहिलं जातं, ही समजूत त्यातून पसरली. बहुसंख्य भाष्यकार मात्र म्हणतात की ही शब-ए-कद्रच, कारण कुरआन रमजानमध्ये उतरला हे कुरआनच्या 2ऱ्या सूरहमध्ये स्पष्ट सांगितलं आहे. मला हे म्हणणं पटतं.

मग शब-ए-बरातला काय उरतं? तिच्याबद्दलच्या हदीसांच्या, म्हणजे प्रेषितांच्या (स.) वचन-आचरणाच्या नोंदींच्या, प्रामाणिकतेवर आलिमांत (धर्मपंडितांत) मतभेद आहेत. अहले हदीस या पंथाचे लोक ही रात्र वेगळी पाळत नाहीत, त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. तरी दोन गोष्टी माझ्या मनात घर करून आहेत. पहिली, एका रात्री प्रेषित (स.) घरात दिसले नाहीत म्हणून त्यांच्या पत्नी हजरत आयेशा शोधायला निघाल्या, तर ते मदिनेच्या बकी कब्रस्तानात होते. म्हणून आपल्याकडे त्या रात्री कबरींवर जायची रीत. दुसरी हदीस सांगते, त्या रात्री अल्लाह सगळ्यांना क्षमा करतो. फक्त शिर्क करणाऱ्याला, म्हणजे अल्लाहसोबत दुसऱ्याला भागीदार मानणाऱ्याला नाही, आणि मनात वैर धरून बसणाऱ्याला नाही.

या दुसऱ्या हदीसपाशी मी दरवर्षी थबकते. कारण शब-ए-कद्रच्या कथेतही भांडण आहे. नेमकी रात्र कोणती हे सांगायला प्रेषित (स.) बाहेर आले, तेव्हा दोन मुसलमान आपसात भांडत होते, आणि ती माहिती उचलून घेतली गेली. आजही आपण पाच रात्री शोधत बसतो ते त्या भांडणामुळे. रमजानची तयारी म्हणजे किराणा भरणं, समोशांच्या पट्ट्या करून ठेवणं एवढंच झालं आहे, पण अबोला मिटवायला शाबानच हवा. रोजे सुरू झाले की सहरी (पहाटेचं जेवण), ऑफिस, इफ्तार, तरावीह यात फोन करायलाही सवड होत नाही. माझी दादी शब-ए-बरातला चणाडाळीचा हलवा करायची; पहिला डबा जायचा तो ज्या घराशी त्या वर्षी बोलणं तुटलेलं असेल, त्या घरी. हलवा काही धर्माने सांगितलेला नाही. तो डबा मात्र मला त्या रात्रीचा अर्थ वाटतो. त्या रात्री फटाके मात्र तिने कधी वाजवू दिले नाहीत.

शाबानची आणखी एक तयारी बायकांना चांगली ठाऊक असते: गेल्या रमजानचे सुटलेले रोजे. हजरत आयेशा आपले कजा रोजे शाबानमध्येच पूर्ण करू शकत, असं त्यांनीच सांगितलं आहे. रमजान सोडला तर प्रेषितांनी (स.) सर्वांत जास्त रोजे शाबानातच धरले. पण रमजानच्या तोंडावर एक-दोन दिवस आधी, सवय नसताना, मुद्दाम रोजे धरायला मनाई आहे.

शब-ए-कद्रला मागायचं काय, हेही हजरत आयेशांनीच विचारलं होतं. शिकवलेली दुआ एका ओळीची आहे: हे अल्लाह, तू माफ करणारा आहेस, माफ करणं तुला आवडतं, मला माफ कर. संपत्ती नाही, आयुष्य नाही. 20व्या रोज्याच्या सूर्यास्ताला मोहल्ल्यातला कुणीतरी इतिकाफला, म्हणजे एकांतात प्रार्थनेसाठी, मशिदीत जाऊन बसतो आणि ईदचा चंद्र दिसेपर्यंत घरी येत नाही. बाकीचे जमेल तितक्या रात्री जागतात. 97वी सूरह संपते ती ‘पहाट उजाडेपर्यंत शांती’ या शब्दांवर. त्या पहाटेच्या थोडं आधी दुआ आटोपून माणसं लगबगीने घराकडे वळतात, सहरीची वेळ संपत आलेली असते.