पोरगं चिडतं ते नेमकं कशानं?

‘गेम खेळून खेळून पोरगं मारकुटं झालं,’ ही तक्रार मराठवाड्यात आता गावोगावी ऐकू येते. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर आजीजवळ राहिलेलं पोर असो की लातुरात ‘नीट’च्या तयारीसाठी खोली करून राहिलेलं, मोबाइलवर गोळीबाराचा गेम चालू असतो आणि हाक मारली की ते खेकसतं. मग घरच्यांनी पडद्यावरच्या मारधाडीला दोष दिला तर नवल नाही. शास्त्रज्ञांचं उत्तर मात्र इतकं सरळ नाही.

खरी मेख आहे ती प्रयोगशाळेत आक्रमकता मोजण्याच्या पद्धतीत. प्रयोगासाठी कुणाला कुणावर हात तर उचलायला लावता येत नाही. म्हणून गेम खेळून झाल्यावर त्या माणसाला सांगतात, पलीकडच्या खोलीतल्या भिडूशी बटण दाबायची शर्यत आहे. जिंकलास तर त्याच्या कानात कर्कश आवाज सोड, किती मोठा आणि किती वेळ ते तूच ठरव. (पलीकडे बहुतेक वेळा कुणी नसतंच.) दुसऱ्या पद्धतीत, तिखट न सोसणाऱ्या माणसाला हा किती झणझणीत सॉस वाढतो, ते वजन करून बघतात. हिंसक गेम खेळलेल्यांनी आवाज जरा जास्त सोडला, असं काही प्रयोगांत दिसलं. पण आवाजाचं बटण दाबणं कुठं आणि कुणाचं डोकं फोडणं कुठं! बातमी होईपर्यंत हा फरक पुसला जातो आणि एखाद्या चांगल्या पोरावर शिक्का बसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२०१८ मध्ये बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी प्रौढांच्या एका गटाला दोन महिने रोज ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा मारधाडीचा गेम खेळायला लावला. त्यांची आक्रमकता वाढलेली आढळली नाही. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या हजारेक ब्रिटिश मुलांची पाहणी केली. मुलांच्या वागण्याबद्दल पालकांना वेगळं विचारलं. तिथंही हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांत संबंध सापडला नाही. उलट बाजूही आहे: २०१८ मध्येच २४ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात हिंसक गेम आणि नंतरची मारामारी यांत संबंध दिसला, पण लहानसा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये म्हटलं, की आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी थोडा संबंध आहे. गंभीर हिंसेचं कारण गेम आहे म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

मग पोरगं चिडतं कशानं? २०१४ च्या एका संशोधनानं याचा चांगला माग काढला. टेट्रिस या वरून पडणारे ठोकळे जुळवायच्या, कुणाला मारायचं नसलेल्या गेममध्येही मुद्दाम न बसणारे ठोकळे दिले, तर खेळणारे चिडले. नियंत्रणं अवघड केली तरी तेच. रक्त दिसण्यापेक्षा आपलं काहीच चालत नाही, ही भावना जास्त बोचत होती.

हे पारावर बघायला मिळतं. चार पोरं आडवे फोन धरून बसलेली. ‘आरं, मागून आला, कव्हर दे की!’ शेवटचा झोन, चौघांतला एकटाच उरलेला, आणि नेमकं तेव्हाच नेट अडकतं. चित्र हललं तोवर हा मेलेला. त्याच मिनिटाला आई जेवायला हाक मारते. तिच्यावर तो जे ओरडतो, त्यात बंदुकीपेक्षा अडकलेल्या नेटचा वाटा मोठा असतो.

काळजी करायचीच तर ती हातातून सुटलेल्या वेळाची. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगचा विकार आपल्या आजारांच्या यादीत घेतला, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याच्या लक्षणांत रक्तपाताचा उल्लेखही नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण १२ महिने चालणं, हे त्यात बघतात. म्हणून आजीनं कोणता गेम हे विचारण्याआधी बघावं, की पोरगं रात्री किती झोपतं, शाळा बुडते का, मित्रांत जातं का. ही गाडी घसरलेली दिसली तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा फोन आहे. तिथं मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.